मेहनतीच्या अंगाला तेल

वाळवा तालुक्यातलं इस्लामपूर मध्यभागी धरून नकाशावर बोट फिरवलं, की भारतीय कुस्तीतली तीन मोठी गावं लागतात. उत्तरेला कराडजवळचं गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पश्चिमेला शिराळा तालुक्यातलं पुनवत, हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांचं. खाली सांगलीच्या वाटेवर कवठेपिरान, हिंदकेसरी मारुती मानेंचं. १९६२च्या जकार्ता आशियाई खेळांत आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक आणलं, मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये. शिवाय दोघांनी दुसऱ्या प्रकारातलं एकेक रौप्यही.

तेलमालिशीचं प्रकरण पैलवानांपासून सुरू करण्याला कारण आहे. 'अभ्यंग' म्हटलं की आता मंद दिवे, लाकडी द्रोणी, घडी घातलेले पांढरे टॉवेल आणि तासाचं भलंमोठं बिल डोळ्यांपुढे येतं. कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात मात्र तेल अंगाला लागलं ते मेहनतीच्या मागोमाग. ज्याचं अंग झिजतं त्याच्या अंगाला तेल, हा इथला साधा हिशेब. मला तो बरोबर वाटतो, आणि आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांशी तो आश्चर्य वाटावं इतका जुळतो. पण हा हिशेब सगळ्यांना सारखा लावला गेला का, हा प्रश्न उरतोच. त्याकडे शेवटी येऊ.

तालमीत तेल पहिल्यांदा माणसाला लागत नाही, मातीला लागतं. तांबडी माती चाळून हौद्यात भरायची आणि तिच्यात तेल, हळद, ताक किंवा दही, लिंबू, कापूर, काव असं काय काय मिसळायचं. प्रमाण वस्तादागणिक बदलतं आणि प्रत्येक वस्तादाला आपलंच खरं वाटतं. तेलामुळे माती मऊ राहते, धूळ उडत नाही, अंग घासलं तरी सालटं निघत नाहीत. पहाटे अंधारात पोरं उठतात, मारुतीला नमस्कार करतात, खोऱ्यानं हौदा उकरतात आणि मग जोर, बैठका, सपाट्या. घामाच्या अंगाला ही तेलकट माती चिकटते आणि वाळते.

मालिशीला इथे 'रगडा' म्हणतात, आणि तो नावाप्रमाणेच असतो. एक जण पालथा पडतो, दुसरा त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसतो. पोटरी, मांडी, कंबर, पाठ, खांदे या क्रमानं तळहात चालतात. जिथे तळहात पुरत नाही तिथे मनगटाचा मागचा भाग, तिथेही भागलं नाही तर कोपर. थोराड पैलवान एखाद्या हलक्या पोराला पाठीवर उभं करून अंग तुडवून घेतात. दुखण्यासाठी भाषाही नेमकी आहे. पोटऱ्या भरून येतात, मान धरते, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते. ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चारही ठिकाणी हात वेगळा चालतो. भरून आलेल्या पोटरीला लांब, दाबून ओढलेला हात; उसण भरलेल्या पाठीला आधी नुसता कोमट तेलाचा हात, दाब नंतर.

रगडा देणाराही काहीतरी मिळवत असतो. अर्धा तास एखाद्या पैलवानाची पाठ रगडणं हा मनगट आणि खांद्याचा चांगलाच व्यायाम आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हाताला लागणारी माहिती. कुठला स्नायू तटतटलाय, कुठे सूज आहे, हात लावल्यावर पोरगा कुठे दचकतो हे अनुभवी वस्तादाला चाचपून कळतं, आणि त्यावरून तो सांगतो, "आज जोर नकोत, नुसतं चालून ये." मालिश घेणारा आणि देणारा आलटून पालटून बदलतात, त्यामुळे तालमीतल्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या अंगाची ओळख असते. पैसे देऊन घेतलेल्या मालिशीत नेमकी हीच गोष्ट सहसा नसते.

मैदानाच्या दिवशी मात्र तेलाला रजा. अंग निसरडं असलं तर पकड बसत नाही, म्हणून मल्ल एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. याच्या बरोबर उलट प्रकार तुर्कस्तानात एदिर्ने शहराजवळ चालतो. तिथल्या किर्कपिनारच्या जुन्या कुस्त्यांत मल्ल अंगावर ऑलिव्हचं तेल ओतूनच उतरतात आणि निसरड्या अंगावर पकड मिळवणं हीच त्यांची कसोटी असते. युनेस्कोनं २०१० साली या कुस्त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या मातीनं तेलाला तयारीच्या दिवसांत ठेवलं, त्यांनी लढतीत.

आता ग्रंथांकडे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी अभ्यंग, तोही रोज, आणि डोकं, कान, पाय यांना विसरायचं नाही. त्यानंतर व्यायाम, तो आपल्या निम्म्या ताकदीइतका आणि मुख्यतः थंडीत व वसंतात. व्यायामानंतर सगळं अंग सुखावेल असं मर्दन. मग उटणं, मग स्नान. म्हणजे तेल लावणं आणि अंग रगडणं या वाग्भटाच्या दृष्टीनं दोन निराळ्या क्रिया आहेत आणि त्यांच्या मधोमध व्यायाम बसवलेला आहे. आजच्या पॅकेजमधून नेमका तोच मधला तुकडा गळाला आहे. ज्यानं दिवसभर खुर्ची सोडली नाही त्याला तासभर मालिश केली तर बरं वाटेल यात शंका नाही, पण वाग्भटानं सांगितलेली दिनचर्या ती नव्हे. तालमीतली आहे.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात तेल का लावायचं ते समजावताना तीन उदाहरणं येतात: तेल मुरवलेला मातीचा घडा, तेल चोळलेलं चामडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस. तिन्ही रोजच्या राबत्या वस्तू आहेत. पुढे असंही म्हटलं आहे की नेहमी अभ्यंग करणाऱ्याच्या अंगाला मार लागला किंवा अवजड कष्ट पडले तरी फारसा विकार होत नाही. हे वाचताना समोर कोण असेल? सैनिक, शेतकरी, मल्ल, हमाल. ग्रंथकारानं सुखवस्तू माणसाला वगळलं असं मी म्हणत नाही, पण उदाहरणं निवडताना त्याची नजर कामाकडे होती.

राजवाड्यातही तेल होतं. आपला हा मुलुख ज्यांच्या सत्तेत होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या नावावर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला 'मानसोल्लास' हा ग्रंथ आहे. त्यात राजाच्या सुगंधी तेलाच्या स्नानाचं वर्णन आहे आणि मल्लांची वर्गवारी, त्यांचा आहार, सराव, कुस्ती यांचंही. तेलाची ऐष आणि तेलाची मेहनत एकाच पुस्तकात, नऊशे वर्षांपूर्वी.

किती वेळ चोळायचं याचाही हिशेब जुन्या वैद्यांनी मांडला आहे. सुश्रुतसंहितेचा टीकाकार डल्हण सांगतो, की ३०० मात्रांत तेल केसांच्या मुळाशी जातं, ४००त त्वचेत, आणि पुढे शंभर-शंभर मात्रांनी रक्त, मांस, मेद, अस्थी असं करत ९०० मात्रांना मज्जेपर्यंत. मात्रा म्हणजे एक ऱ्हस्व अक्षर उच्चारायला लागणारा वेळ; आजच्या हिशेबानं ९०० मात्रांची साधारण पाच मिनिटं होतात. आयुर्वेदाच्या शिक्षणात अभ्यंगासाठी सात स्थिती शिकवतात: बसून, उताणं, एका कुशीवर, पालथं, दुसऱ्या कुशीवर, पुन्हा उताणं, पुन्हा बसून. प्रत्येकीला पाच मिनिटं धरली की पस्तीस मिनिटं. नीट केलेल्या अभ्यंगाला पाऊण तास का लागतो ते यावरून कळतं. इस्लामपुरात लोकनेते राजारामबापू पाटील यांच्या नावाचं आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे वस्तादाचा रगडा आणि वैद्याचा अभ्यंग या दोन्ही परंपरा एकाच गावात पाहायला मिळतात.

तेल मज्जेपर्यंत पोचतं का? आधुनिक त्वचाशास्त्र याला होकार देत नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा आणि त्यांना सांधणाऱ्या स्निग्ध द्रव्यांचा असतो. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, तळवे सोडून. साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा जड रेणूंना तो ओलांडता येत नाही, आणि बहुतेक खाद्यतेलांचा रेणू साडेआठशेच्या वर असतो. म्हणजे बहुतेक तेल वरच्याच थरात मुरतं. तिथे त्याचं काम आहेच: पाणी उडून जाऊ न देणं, भेगा भरणं, खाज कमी करणं. हाडापर्यंत जातो तो हाताचा दाब. डल्हणानं मोजलेली मिनिटं मला म्हणूनच टाकाऊ वाटत नाहीत. पाच मिनिटं एका जागी हात चालला तर स्नायूला जे मिळतं ते अर्ध्या मिनिटात मिळत नाही, हे रगडा घेतलेला कुणीही सांगेल.

हाताच्या बाजूनं पुरावा काय आहे? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पैलवानांनी ऐकण्यासारखा आहे. ११ तरुणांना सायकलवर दमेपर्यंत व्यायाम करायला लावलं, मग एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. मालिश केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी होते आणि पेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढवणारे संकेत जास्त. लॅक्टिक आम्ल मात्र दोन्ही पायांत सारखंच. म्हणजे "मालिशीनं साचलेलं आम्ल निघून जातं" हे व्यायामशाळांतलं आवडतं स्पष्टीकरण चुकीचं निघालं, पण आराम खरा ठरला. प्रयोग लहान होता, म्हणून त्यावर इमला बांधू नये. कंबरदुखीवरच्या मालिशीचा २०१५ साली कॉक्रेन संस्थेनं आढावा घेतला. थोड्या दिवसांसाठी दुखणं कमी होतं असं त्यात दिसलं. दीर्घकाळाच्या फायद्याबद्दल मात्र पुरावा कच्चाच आहे.

हळू हाताबद्दल स्वीडनमधल्या मज्जाशास्त्रज्ञांचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. केस असलेल्या त्वचेत बारीक मज्जातंतूंचा एक वर्ग असतो, जो सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर अशा मंद गतीनं फिरणाऱ्या स्पर्शाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. त्याहून वेगात किंवा त्याहून सावकाश हात फिरला की प्रतिसाद उतरतो. हे तंतू मेंदूला जागा फारशी नेमकी सांगत नाहीत. स्पर्श सुखाचा आहे एवढं कळवतात. आजी नातवाच्या पाठीवरून हात फिरवते तो बहुधा याच गतीचा असतो. तेल असलं की तो हात अडखळत नाही.

तेल कुठलं, याचं उत्तर इथल्या रानानं ठरवलं. या भागात भुईमूग, करडई, तीळ ही जुनी गळिताची पिकं. खोबरेल बाहेरून यायचं, पायांच्या भेगांसाठीचं भिरंडेल घाट चढून कोकणातून. आयुर्वेदाचा कल तिळाकडे. नारायण तेल, बला तेल, चंदनबलालाक्षादी तेल ही बहुतेक औषधी तेलं तिळाच्या तेलावरच सिद्ध होतात. पनवेलला १८७२मध्ये सुरू झालेल्या धूतपापेश्वरसारख्या कारखान्यांनी ती बाटलीत भरून घरोघरी पोचवली. त्यामागची कृती मोठी शिस्तीची आहे. शार्ङ्गधराच्या मापानं एक भाग वाटलेल्या औषधांचा कल्क, चार भाग तेल, सोळा भाग काढा किंवा दूध. मंद आचेवर सगळं पाणी आटेपर्यंत शिजवायचं. तेलावर फेस आला, कल्काची बोटांत वळून वात झाली आणि ती वात जाळल्यावर तडतडली नाही, की पाणी संपलं असं समजायचं. पाकही तीन प्रकारचे: मृदू पाक नस्यासाठी, मध्यम सगळ्या कामांना, आणि अंगाला चोळायचं तेल थोडं जास्त आटलेल्या खर पाकाचं. बाजारात 'महानारायण' लिहिलेल्या दोन बाटल्यांचा वास एकमेकींशी जुळत नाही, त्याचं एक कारण या आटण्यात आहे.

सध्या गावोगावी लाकडी घाण्याची दुकानं पुन्हा उघडली आहेत ही मला आनंदाची गोष्ट वाटते. पण त्वचेच्या दृष्टीनं तेलाची निवड थोडी विचार करून करावी. लिनोलेइक आम्ल जास्त असलेली तेलं त्वचेच्या वरच्या थराला मानवतात; ओलेइक आम्ल फार असलेली तेलं तो थर सैल करू शकतात. २०१३च्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या त्वचेवर ऑलिव्ह तेलानं ही हानी दिसली, सूर्यफुलाच्या तेलानं दिसली नाही. आपल्या देशी करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, तिळात मध्यम. परदेशी ऑलिव्हची महागडी बाटली बाळासाठी आणण्याआधी हे लक्षात ठेवावं. शेंगतेलाबाबत आणखी एक सावधगिरी: ब्रिटनमधल्या मुलांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुरळ आलेल्या त्वचेला शेंगतेल असलेली मलमं लावलेल्या बाळांत पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. म्हणून खरूज-पुरळ असलेल्या तान्ह्याला शेंगतेल नको.

तान्ह्या बाळाची मालिश हा आपल्याकडचा सर्वांत टिकाऊ अभ्यंग. न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून बसते, बाळाला नडगीवर आडवं घेते, आधी तेल, मग डाळीचं पीठ आणि हळद, मग ऊन पाणी, शेवटी वावडिंग-ओव्याची धुरी. तेलाच्या हाताचा बाळाला फायदा होतो हे दाखवणारे चांगले अभ्यास आपल्याच उपखंडात झाले आहेत. २००५ साली 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात खोबरेलाची मालिश केलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन जास्त वाढलं. त्याच वर्षी ढाक्यातल्या शिशू रुग्णालयातला निष्कर्ष 'लॅन्सेट'नं छापला: फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या त्वचेला सूर्यफुलाचं तेल लावल्यावर रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटला. बाईंच्या हाताला विज्ञानानं दिलेली ही मोठी पावती आहे.

त्याच बाईंना दोन गोष्टी मात्र आदरानं, हात जोडून सांगायला हव्यात. बाळाच्या नाकात तेल सोडू नका. ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. आणि टाळू तेलानं भरत नाही, हाडं वाढून ती सहसा वर्ष-दीड वर्षात आपोआप भरते. तिथे नुसता हलका हात पुरे. बाळंतिणीबद्दलही एक गोष्ट आहे. बाळंतपणानंतर एकाच पोटरीला सूज, ऊब आणि ठणका असेल तर ती रगडायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

तसंच हाडवैद्याचं. या भागात अनेक पैलवान वय झाल्यावर हाडं बसवायला लागले, आणि निखळलेला खांदा एका झटक्यात बसवणारे हात त्यांच्यात होते, आजही आहेत. त्या कौशल्याबद्दल मनात आदर ठेवूनच सांगतो: कोपराला मार लागलेल्या मुलाचा हात तेल लावून रगडणं घातक आहे. दुखावलेल्या स्नायूतच हाड तयार होऊ लागतं आणि कोपर कायमचं आखडतं. अस्थिरोग विभागांत असे आखडलेले कोपर येत राहतात. आधी एक्स-रे, आणि तेल फार नंतर. वाग्भटानंही अभ्यंगाला मर्यादा घातल्याच आहेत: कफ वाढलेला असताना, अजीर्णात आणि नुकतंच वमन-विरेचन झालेलं असताना नको. सुश्रुत नव्या तापातही नको म्हणतो, आणि ताप असताना अंगाला तेल लावू नये हे आपल्या घरातही सगळ्यांना ठाऊक असतं.

काशाच्या वाटीचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण महाराष्ट्रातल्या घरांत तिच्याइतकं लोकप्रिय दुसरं साधन नाही. तळपायाला तूप किंवा तेल लावून वाटी फिरवली की थोड्या वेळानं तळवा काळा पडतो आणि "उष्णता निघाली" असं म्हणतात. कासं म्हणजे अंदाजे ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. त्यातलं तांबं घामाशी आणि स्निग्धाशी मिळून काळपट होतं. तो काळेपणा धातूचा आहे, शरीरातून निघालेला नाही. तरी वाटी फिरवल्यावर झोप चांगली लागते याचं कारण उघड आहे. तळवा घासला जातो, थंडावा मिळतो आणि कुणीतरी दहा मिनिटं आपल्या पायाशी बसलेलं असतं.

कोण कुणाच्या पायाशी बसतं, हे मात्र पाहण्यासारखं आहे. आपल्या दिवाळीतल्या तेलाचा माग काढा. नरकचतुर्दशीला पहाटे आई मुलांना तेल-उटणं लावते. पाडव्याला बायको नवऱ्याला. भाऊबीजेला बहीण भावाला. लग्नात तेलवण आणि हळद नवरा-नवरी दोघांना, पण चोळणारे हात करवल्यांचे आणि सुवासिनींचे. तान्ह्याला बाईच, बाळंतिणीला बाईच, म्हाताऱ्या सासऱ्याचे गुडघे चोळायला सूनच. तालमीत पुरुषाला पुरुष तेल लावतो आणि तो हात परत फिरतो. घरातलं तेल मात्र एकाच बाजूला वाहतं. बाईच्या अंगाला हक्काचं तेल लागतं ते माहेरी, आणि बाळंतपणाच्या सव्वा महिन्यात. पुढे फक्त केसांना.

मेहनतीच्या अंगाला तेल हा हिशेब खरा मानायचा तर वाळवा तालुक्यात पहिला हक्क उसाच्या भांगलणीला जाणाऱ्या बाईचा आहे. ती तासन् तास उकिडवी बसून सरीतून पुढे सरकते. गुडघे, कंबर आणि मानेचा मागचा भाग सतत ताणलेला. पाचटानं हात कापलेले, थंडीत टाचांना भेगा. घरी आल्यावर चूल, धुणं, जनावरं. पैलवानाच्या वाट्याला बदाम, थंडाई आणि रगडा येतो; तिच्या वाट्याला वेदनाशामक गोळी येते, दुकानातून सुटी आणलेली. रोज रोज ती गोळी घेतली की पोटाला आणि मूत्रपिंडाला काय होतं ते डॉक्टर सांगत असतात. आरोग्याच्या नावानं तेलमालिश विकणाऱ्या जाहिरातींत ही बाई कधीच दिसत नाही. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं कारण वाटत नाही.

केरळनं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अभ्यंगाला पर्यटनाशी जोडलं आणि त्यातून हजारो हातांना काम मिळालं. पुण्या-मुंबईतली बरीच केंद्रं त्याच वळणाची आहेत. त्यात वाईट काही नाही; प्रशिक्षित माणसाचा पाऊण तासाचा हात विकत घेणं परवडत असेल तर जरूर घ्यावा. फक्त तिथे 'विषारी द्रव्यं बाहेर काढतो' असं कुणी सांगितलं तर ते सोडून द्यावं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. आणि मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांतलं काही असेल तर आधीच सांगावं. ज्या केंद्रात हे विचारलंच जात नाही तिथून उठून यावं.

ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी तालमीतली रीत उपलब्ध आहे, आणि तिला खर्च वाटीभर तेलाचा. भांगलणीच्या टोळीत बायका शेजारच्या सऱ्या धरून जोडीनंच चालतात. त्याच दोघींनी आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी आंघोळीआधी, एकमेकींच्या अंगाला तेल लावावं. तिळाचं किंवा करडईचं तेल वाटीत घेऊन ती वाटी ऊन पाण्यात ठेवायची. मनगटावर थेंब टाकून सोसवेल इतकंच कोमट. पालथं झोपून आधी टाचेपासून गुडघ्याकडे पोटरीला लांब हात, गुडघ्याच्या मागच्या खळगीत दाब नको. कंबरेला दोन्ही अंगठे मणक्याच्या दोन बाजूंनी, मणक्यावर कधीच नाही, खालून वर. खांदे आणि मानेच्या मुळाशी गोल हात. प्रत्येक जागेला मनात तीनशेपर्यंत सावकाश मोजावं. मधुमेह असेल तर तळव्याची आणि बोटांच्या बेचक्यांची नीट पाहणी करावी; तिथे फोड किंवा जखम दिसली तर तेल न लावता दवाखान्यात दाखवावी. मग डाळीच्या पिठानं अंग धुवावं, मोरीत उभं न राहता पाटावर बसून, कारण तेलानं फरशी निसरडी होते. आणि पुढच्या आठवड्यात पालथं पडायची पाळी पहिल्यांदा दुसरीची.